रोड बाइकसाठी क्लिपलेस पेडल्स घेताना या चुका टाळा

नवी रोड बाइक घरी येते तेव्हा तिला साधी प्लास्टिकची पेडल्स असतात किंवा मुळीच पेडल्स नसतात, आणि आठवड्याभरातच नवा मालक विचारू लागतो, "क्लिपलेस पेडल्स कोणती घेऊ?" पुण्यात बारा-तेरा वर्षे सायकल चालवताना हा प्रश्न मी दर वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, हिवाळ्यातल्या बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्सची) नोंदणी सुरू होण्याच्या सुमारास, चार-पाच जणांकडून ऐकतो. प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो. पेडल हे बूट, क्लीट (बुटाच्या तळाला बोल्टने बसवायचा आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा) आणि पेडल या तीन वस्तूंच्या जोडणीतला शेवटचा दुवा आहे. जो आधी पेडल विकत घेतो आणि मग त्याला जुळणारा बूट शोधत बसतो, त्याचे पैसे हमखास दोनदा जातात.

नावामुळे होणारा घोळ आधी दूर करतो. पायाला घट्ट धरून ठेवणाऱ्या पेडलला 'क्लिपलेस' का म्हणतात, हे नवख्यांना कोडेच वाटते. पूर्वी पेडलला धातूचा पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असे, त्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे नाव आले. स्कीइंगच्या बुटांची बंधने बनवणाऱ्या 'लूक' या फ्रेंच कंपनीने तीच कल्पना सायकलला लावली आणि १९८५ साली बर्नार इनो यांनी ती पेडल्स वापरून टूर द फ्रान्स जिंकली. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. स्कीचे बंधन जसे पिळ पडला की सुटते, तसेच हे पेडलही टाच बाहेर वळवल्यावर सुटते, आणि घाबरलेला नवखा माणूस मात्र पाय वर खेचत राहतो. वर खेचून ते सुटत नाही. सुटू नये म्हणूनच तर ते बनवलेले आहे.

आता सर्वांत जास्त वेळा पाहिलेल्या चुकीबद्दल. बुटाच्या तळाला क्लीट लावण्यासाठी एकतर दोन बोल्टची जागा असते किंवा तीन बोल्टची. शिमानोची एसपीडी ही दोन बोल्टची पद्धत मूळ डोंगरी सायकलींसाठी आली. तिची क्लीट लहान, धातूची आणि तळाच्या खोबणीत दडलेली असते. एसपीडी-एसएल आणि लूक किओ या तीन बोल्टच्या पद्धती रेसच्या सायकलींच्या असून त्यांच्या क्लीट्स मोठ्या, त्रिकोणी, प्लास्टिकच्या आणि तळाबाहेर आलेल्या असतात. दोन आणि तीन बोल्टमधला फरक बहुतेकांना कळतो. खरा सापळा पुढे आहे, कारण एसपीडी-एसएल आणि किओ या दोन्हींच्या क्लीट्स एकाच बुटावर, त्याच तीन भोकांत, अगदी नीट बसतात. मात्र एकीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये अडकत नाही.

माझ्या एका मित्राने २०० किलोमीटरच्या बीआरएमच्या आदल्या संध्याकाळी जुन्या क्लीट्स झिजल्या म्हणून नव्या आणल्या. पेडल्स एसपीडी-एसएलची होती. दुकानदाराने 'रोडच्या क्लीट्स' म्हणून किओच्या दिल्या, आणि बुटावर त्या चोख बसल्या म्हणून त्यालाही शंका आली नाही. पहाटे साडेपाचला, अंधारात, सुरुवातीच्या ठिकाणी त्याने पेडलवर पाय ठेवला तेव्हा क्लीटचे टोक आत जाईना आणि खटका ऐकू येईना. जुन्या क्लीट्स घरी राहिल्या होत्या. आम्ही टॉर्चच्या उजेडात पेडलची स्प्रिंग पूर्ण सैल करून पाहिली, बूट अदलाबदल करून पाहिले, पण जे एकमेकांसाठी बनलेलेच नाही ते स्प्रिंग सैल करून जुळत नाही. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर पाय टेकवत तो निघाला. कात्रजच्या चढावर उभे राहून जोर लावताना पाय घसरला, पेडल नडगीवर आदळले आणि त्याची बीआरएम तिथेच संपली. त्या क्लीट्स मी मागून घेतल्या. आजही त्या माझ्या हत्यारांच्या खणात आहेत आणि खरेदीपूर्वी कोणी सल्ला घ्यायला आले की एसपीडी-एसएलच्या क्लीटशेजारी ठेवून मी त्या दाखवतो.

माझी सवय सांगतो. मी क्लीट नेहमी पेडल बनवणाऱ्या कंपनीचीच घेतो, जुनी क्लीट खिशात घालून दुकानात जातो, आणि पैसे देण्याआधी नवी क्लीट नुसती हाताने पेडलच्या पुढच्या ओठाखाली सरकवून पाहतो. नव्या पेडलबरोबर क्लीट्सची जोडी डब्यात असतेच; ती पहिल्या दिवशी हरवणारेही मी पाहिले आहेत.

दुसरी चूक म्हणजे व्यावसायिक रेसमधले सायकलस्वार पाहून त्यांच्याच पद्धतीची पेडल्स घेणे. त्यांना सायकलवरून उतरून चालावे लागत नाही, आपल्याला लागते. बीआरएमचा कंट्रोल, म्हणजे वाटेतला नोंदीचा थांबा, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात असतो, तिथल्या गुळगुळीत फरशीवर तीन बोल्टची क्लीट घातलेला माणूस भिंतीला धरून चालतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुळशीच्या बाजूला चहाला थांबून चिखलात एक पाऊल पडले की क्लीटच्या कडांत चिखल ठासून बसतो आणि पाय अडकेनासा होतो. म्हणून पहिल्या जोडीसाठी मी ठामपणे दोन बोल्टची एसपीडी सुचवतो, जिच्या बुटाने जिना उतरता येतो आणि चिखल काडीने काढता येतो. ज्यांना रोज कार्यालयात साध्या चपला घालूनही त्याच सायकलने जायचे आहे, त्यांनी एका बाजूला क्लीटची जागा आणि दुसऱ्या बाजूला सपाट असलेले पेडल घ्यावे. वजनाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना मी सांगतो की प्राथमिक किमतीच्या पेडल्सच्या जोडीत हा फरक शंभर ग्रॅमच्याही आत असतो. रेसमध्येच उतरायचे असेल, तासन्‌तास एका लयीत जोर लावायचा असेल, तर तीन बोल्टची रुंद पकड आणि कडक तळ खरोखर उपयोगी आहे, पण तो निर्णय वर्षभर सायकल चालवल्यावर घ्यावा.

तिसऱ्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. ३०० किलोमीटरच्या बीआरएमच्या आदल्या रात्री मी क्लीट्स बदलल्या, आणि तेव्हा मला लाल क्लीट्स हव्या होत्या, कारण वेगवान मंडळी त्या वापरत. शिमानोच्या एसपीडी-एसएल क्लीट्समध्ये रंगावरून पायाला मिळणारी हालचाल ठरते: पिवळीत सहा अंश, निळीत दोन अंश आणि लालमध्ये शून्य. शून्य हालचालीची क्लीट जर तसूभर जरी तिरकी बसली, तर गुडघ्याला ते तिरकेपण पेडलच्या प्रत्येक फेरीत सोसावे लागते. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला ४,८०० फेऱ्या होतात. डावी क्लीट मी नुसत्या नजरेने लावली होती. साधारण १४० किलोमीटरनंतर डाव्या गुडघ्याची आतली बाजू दुखू लागली, मी थांबून क्लीट थोडी फिरवली, पण तोपर्यंत व्हायचे ते नुकसान झाले होते. २१० किलोमीटरवर मी सोडून दिले आणि पुढचे तीन आठवडे सायकलला हात लावला नाही.

तेव्हापासून क्लीट लावायला मी पूर्ण सकाळ देतो. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी जे हाड हाताला लागते, तिथे बुटाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीवर खूण करतो आणि क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध किंवा किंचित मागे ठेवतो. मग टेबलावर बसून पाय मोकळे लोंबू देतो. पावले आपोआप जितकी बाहेर वळतात, तितकाच कोन क्लीटला देतो, तो माणसागणिक आणि कधी कधी दोन पायांतही वेगळा असतो. बोल्टला ग्रीस लावून तो पाच-सहा न्यूटन मीटरपर्यंत आवळतो, जुन्या जागेची मार्करने रेघ आखून ठेवतो आणि पहिल्या तीन फेऱ्या वीस-तीस किलोमीटरच्याच करतो. हे सारे दहा मिनिटांत उरकणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त पिवळ्या क्लीट्स घ्यायला सांगतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूने सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडल्स आवळली जातात, हे लक्षात ठेवले तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटे जाणार नाहीत. पहिले दोन-तीन वेढे पान्याने नव्हे, बोटांनीच द्यावेत, आणि ग्रीसशिवाय पेडल बसवू नये. स्प्रिंगचा ताण पहिल्या महिनाभर अगदी कमी ठेवावा. पाय आपोआप सुटू लागला तर ताण वाढवण्याआधी क्लीट झिजली आहे का ते पाहावे.

आणि नवी पेडल्स लावून थेट कर्वे रस्त्यावर जाऊ नये. मी प्रत्येक नवख्याला इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीला धरून उभा करतो आणि दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास वेळा अडकवायला आणि सोडवायला लावतो. मग मैदानात, मग रविवारी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. सिग्नल लाल दिसताच तीस-चाळीस मीटर आधी डावा पाय सोडवून ठेवायचा, आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून अंगाचा भार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला द्यायचा. डावा पाय मोकळा आणि तोल मात्र उजवीकडे, अशा अवस्थेत माणूस अडकलेल्या पायासकट वाहनांच्या बाजूला पडतो.