महिनाभर इटली, रेल्वेने: आरक्षणाच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या इटलीच्या सहलीची एक्सेल शीट मला पाठवली. तीस दिवस, चौदा मुक्काम, बावीस गाड्या. प्रत्येक गाडीपुढे वेळ, डबा, सीट नंबर. पण नऊ गाड्यांपुढे सीटचा रकाना रिकामा होता आणि काकांची झोप उडाली होती ती त्यामुळेच. “पैसे कापले गेलेत, तिकीट आलंय, पण सीट नाही. हे वेटिंगवर आहे का?”

वेटिंगवर नव्हतं. त्या गाड्यांना सीट नंबर नसतोच. इटलीतल्या रेल्वेच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आरक्षण उघडलं रे उघडलं की सकाळी आठच्या ठोक्याला लॉगिन करायचं, हे आपल्या अंगात भिनलंय. तिथे मात्र एकाच रुळांवर दोन वेगळ्या रेल्वे चालतात आणि दोघींचे नियम एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली वेगवान रेल्वे: सरकारी त्रेनितालियाची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ पासून तिच्याशी स्पर्धा करणारी खासगी इतालो. यांचं भाडं विमानासारखं असतं. लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट. सीट ठरलेली, गाडीही ठरलेली. दुसरी रेल्वे म्हणजे ‘रेजोनाले’, आपल्या भाषेत पॅसेंजर. हिचं भाडं अंतरावर ठरतं. तीन महिने आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, तेवढंच पडतं. जागा संपली म्हणून तिकीट नाकारत नाहीत. या दोघींच्या मधली इंटरसिटी थोडी हळू, थोडी स्वस्त, पण सीट आरक्षित.

म्हणजे महिनाभराच्या प्रवासात आधीपासून काढायची तिकिटं जेमतेम पाच-सहा. मिलानो ते रोमा हे सुमारे तीन तास, रोमा ते नापोली (नेपल्स) सव्वा तास, फिरेंझे (फ्लॉरेन्स) ते व्हेनेत्सिया (व्हेनिस) सव्वादोन तास, असे लांबचे टप्पे. लुक्का ते पिसा या अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी जूनमध्येच सप्टेंबरची सकाळ अडकवून ठेवायची काहीच गरज नाही.

चौदा मुक्काम कशाला?

काकांच्या शीटमधली माझ्या मते सर्वांत महागडी चूक तिकिटांची नव्हती, मुक्कामांची होती. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, नवीन गावात दुपारी तीनपर्यंत खोली मिळायची वाट बघायची. असा महिन्यातला जवळपास निम्मा वेळ सामानाच्या सेवेत जातो. इटलीच्या जुन्या शहरांत दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढून बघा, आणि व्हेनिसमध्ये तीच बॅग पुलांच्या पायऱ्यांवरून चढवा-उतरवा. मग कळतं मी काय म्हणतोय ते.

त्यापेक्षा पाच-सहा तळ ठोका आणि रोज पॅसेंजरने जाऊन-येऊन फिरा. यासाठी बोलोन्यासारखं दुसरं गाव नाही. मोदेना, पार्मा, फेर्रारा, राव्हेन्ना ही सगळी तिथून तास-सव्वा तासाच्या आत. फिरेंझेहून पिसा, लुक्का, आरेत्सो. व्हेनिसमध्ये राहणं खिशाला जड वाटत असेल तर पादोव्हाला राहा. व्हेनिस, विचेन्सा आणि व्हेरोना एकाच मार्गावर येतात. शिवाय सकाळी उठून पाऊस दिसला तर त्या दिवशीचं गाव बदलता येतं, कारण तिकीट काढलेलंच नसतं.

व्हिसाआधीच तिकिटं

ही चूक पैशांची आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचे अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जासोबत राहण्याची सोय दाखवायची असते, म्हणून लोक घाबरून सगळंच पक्कं करतात आणि त्याच ओघात ‘सुपर इकॉनॉमी’ची स्वस्त रेल्वे तिकिटंही घेऊन टाकतात. ही तिकिटं परत घेत नाहीत, बदलूनही मिळत नाहीत. व्हिसा चार दिवस उशिरा आला, विमान पुढे ढकललं, की सगळी मालिका पाण्यात. हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या आणि रेल्वे तिकिटांचं मात्र पासपोर्ट परत हातात आल्यावर बघा. थोडे पैसे जास्त जातील. तारखा डळमळीत असतील तर ‘बेस’ प्रकारचं तिकीट काढा. ते बदलून मिळतं.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर लगेच वेबसाइटला शिव्या देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमामुळे नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. आणि स्टेशनचं नाव इटालियनमध्ये टाका.

नावात बरंच काही आहे

शहराचं नाव कळलं म्हणजे स्टेशन कळलं असं नाही. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ मुख्य भूमीवर आहे. कालव्यांचं व्हेनिस हवं तर ‘सांता लुचिया’. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर व्हेनेत्सिया ही अक्षरं दिसताच बॅगा घेऊन मेस्त्रेला टुणकन उतरलो आणि फलाटावर उभं राहून बायकोला विचारलं, पाणी कुठंय? सांता लुचिया तिथून दहा मिनिटांवर, त्यामुळे फार काही बिघडलं नाही. फक्त तो प्रश्न अजून घरात ऐकवला जातो.

रोमाला तेर्मिनी आणि तिबुर्तिना, फिरेंझेला सांता मारिया नोव्हेल्ला आणि काम्पो दि मार्ते, तोरिनोला (ट्युरिन) पोर्ता नुओव्हा आणि पोर्ता सुझा. तिकीट काढताना पूर्ण नाव वाचा. रेज्जो एमिलिया आणि रेज्जो कालाब्रिया यांतली गल्लत तर भारीच पडेल. एक बोलोन्याजवळ, दुसरं बुटाच्या टोकाला.

सर्वांत गोंधळाचं पोम्पेई, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते प्राचीन शहर. नापोली चेंत्रालेच्या तळघरातल्या गारिबाल्दी स्टेशनवरून ‘चिर्कुमव्हेसुव्हियाना’ ही वेगळी लोकल सुटते. तिच्या सोर्रेन्तो मार्गावरचं ‘पोम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी’ हे स्टेशन अवशेषांच्या दारात आहे. त्याच लोकलच्या दुसऱ्या मार्गावर ‘पोम्पेई सांतुआरियो’ आहे आणि त्रेनितालियाचं आणखी वेगळं ‘पोम्पेई’ आजच्या गावात. स्काव्ही म्हणजे उत्खनन. तेवढा शब्द लक्षात ठेवा.

फलाटावर गाडी दिसत नाही

रोमाहून फिरेंझेला जायचंय, फलकावर फिरेंझे कुठेच नाही. कारण तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहितात. तुमची गाडी ‘मिलानो’ किंवा ‘व्हेनेत्सिया’ या नावाखाली असते. म्हणून गाव शोधायचं नाही, गाडीचा क्रमांक शोधायचा. ‘पार्तेन्त्से’ म्हणजे सुटणाऱ्या, ‘अर्रीव्ही’ म्हणजे येणाऱ्या. छापील तक्त्यांत सुटणाऱ्या गाड्यांचा कागद पिवळा, येणाऱ्यांचा पांढरा. ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर आणि त्यापुढचा आकडा मिनिटांचा.

मोठ्या स्टेशनांवर लांब पल्ल्याच्या गाडीचा फलाट कित्येकदा सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच कळतो. तोवर सगळे माना वर करून उभे. घाबरायचं कारण नाही, पण दोन ठिकाणी चालायला वेळ ठेवा. रोमा तेर्मिनीत पंचविसाव्या फलाटापासून पुढचे फलाट बाकीच्यांपासून बरेच दूर आहेत. बोलोन्यात वेगवान गाड्यांचे १६ ते १९ हे फलाट जमिनीखाली खोल आहेत आणि वर ‘१’, ‘१ ओव्हेस्त’, ‘४’, ‘४ एस्त’ असे वेगवेगळे फलाट आहेत. ओव्हेस्त म्हणजे पश्चिम, एस्त म्हणजे पूर्व. तिथे दोन गाड्यांमध्ये आठ मिनिटांचं अंतर ठेवून तिकिटं काढणाऱ्याला माझा नमस्कार.

आणि हो, फिरेंझेला गाडी अचानक उलटी निघाली तर चुकीच्या गाडीत बसलो म्हणून उठू नका. ते स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखं आहे, रूळ तिथेच संपतात. आल्या दिशेनेच बाहेर पडावं लागतं.

छाप मारलात का?

मुंबईच्या लोकलची कूपनं आठवतात? स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून छाप मारून घ्यायची, नाहीतर टीसी पकडायचा. पॅसेंजरच्या कागदी तिकिटाचं इटलीत अजूनही तसंच आहे. तिकीट घेतलं म्हणजे झालं नाही. फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये ते घालून तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते. छाप नसेल तर तुम्ही त्यांच्या लेखी विनातिकीट, आणि दंड जागेवर. परदेशी आहोत, माहीत नव्हतं, हे ऐकून ऐकून त्या लोकांचे कान किटलेत.

मशीन बंद असेल तर तिकिटावर पेनाने स्टेशन, तारीख आणि वेळ लिहा आणि गाडीत चढताच ‘कापोत्रेनो’ला, म्हणजे गार्डला, स्वतः जाऊन सांगा. तो आपल्यापर्यंत आला तर ती चोरी, आपण त्याच्यापर्यंत गेलो तर अडचण. मोबाइलवर घेतलेल्या पॅसेंजरच्या तिकिटाला छाप नसते, पण गाडी सुटण्याआधी अ‍ॅपमध्ये किंवा ईमेलमधल्या लिंकवर चेक-इन करावं लागतं. डेटा संपला म्हणून चेक-इन राहिलं, हे कारणही चालत नाही. वेगवान गाडी आणि इंटरसिटीच्या आरक्षित तिकिटाला यातलं काही लागत नाही.

शॉपेरो

हा शब्द विमानतळावर उतरायच्या आधी पाठ करा. शॉपेरो म्हणजे संप. महिनाभर राहणार असाल तर एखादा वाट्याला येईल असंच धरून चाला. शुक्रवार त्यांच्या विशेष आवडीचा. पण तिथला संप आपल्या ‘बंद’सारखा अचानक नसतो. १९९० च्या कायदा क्रमांक १४६ नुसार किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि त्यांच्या परिवहन मंत्रालयाच्या वेबसाइटवर यादी लागते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत पॅसेंजर गाड्या चालवाव्याच लागतात. लांबच्या ठरावीक गाड्यांचीही हमी असते आणि त्यांची यादी मिळते. तर दर रविवारी पुढच्या दोन आठवड्यांचे संप बघायचे. तुमचा लांबचा टप्पा त्या दिवशी असेल तर हमी असलेल्या गाडीवर उडी मारा, नाहीतर तो दिवस आहात त्याच गावात घालवा. संपामुळे प्रवास करता आला नाही तर पैसे परत मागता येतात. साध्या उशिरालाही युरोपीय नियमाने भरपाई आहे: एका तासाच्या पुढे तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांच्या पुढे ५० टक्के.

परतीच्या विमानाच्या दिवशी मात्र लांबून येऊ नका. आदल्या रात्री विमानतळाच्या शहरात असा. रोमाच्या फ्युमिचिनो विमानतळाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस तेर्मिनीहून साधारण अर्धा तास घेते. तेवढंच अंतर शेवटच्या दिवशी शिल्लक असलेलं बरं.

जिथे रेल्वे जात नाही, किंवा रविवारी जात नाही

नकाशावर दिसतं म्हणून सगळीकडे गाडी नाही. आमाल्फीला रूळच नाहीत. सालेर्नोपर्यंत रेल्वे, पुढे बोट किंवा बस. सान जिमिन्यानोसाठी पोज्जिबोन्सीला उतरून बस. माथ्यावरच्या गावांची स्टेशनं खाली सपाटीवर असतात: ओर्व्हिएतोला फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढणीची गाडी) आहे, असीसीला बस घ्यावी लागते. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांतल्या कोर्निल्याला स्टेशनपासून गावापर्यंत जवळपास चारशे पायऱ्या आहेत, गुडघे सांभाळा. मातेराला बारीहून वेगळ्याच कंपनीची छोटी गाडी जाते. तिचं स्टेशनही बारी चेंत्रालेच्या बाहेर, चौकाच्या कडेला. रविवारी ती गाडी बंद असते, बसवर भागवावं लागतं.

सोमवारी फिरेंझेचं उफ्फित्सी कलासंग्रहालय बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. हे शीटमध्ये आधी भरा, गाड्या मागाहून.

सिसिलीला मात्र विमानाने जाऊ नका, निदान एकदा तरी नाही. मुख्य भूमीच्या टोकावरच्या व्हिल्ला सान जोव्हान्नीला अख्खी गाडी डब्यांसकट जहाजाच्या पोटात ढकलतात आणि सिसिलीतल्या मेसिनाला बाहेर काढतात. जोडाजोड धरून दीड-दोन तास जातात, त्या वेळात वर डेकवर जाता येतं. पण खाली परत येताना आपलाच डबा शोधा. मेसिनाला गाडीचे दोन भाग होतात: एक पालेर्मोला, दुसरा कातानियावरून सिराकुसाला. गप्पा मारत शेजारच्या डब्यात बसून राहिलात तर बेटाच्या चुकीच्या टोकाला उजाडेल. डेकवरच्या बारमध्ये गरम अरांचीनी मिळतात, भाताचे तळलेले मोठाले गोळे. शाकाहारी असाल तर ‘अल बुर्रो’ या नावाला भुलू नका. बुर्रो म्हणजे लोणी हे खरं, पण आत बहुधा हॅम असतं. पालकाचा आहे का विचारा, नसेल तर कॉफीवर भागवा.