काठावरचे पत्ते आणि ब्लाइंडची जागा: टूर्नामेंटला निघण्याआधीची तयारी

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईच्या पोकर खेळाडूची घरबसल्या सवय व्हायची जागा गेली आणि खेळायला गोवा उरला. तिथल्या टेबलावर तासाला साधारण 25-30 डाव होतात. नऊ जण बसले असतील तर दर वीसेक मिनिटांनी बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी सक्तीने भरायची रक्कम, आणि ती भरणाऱ्याची जागा) तुमच्याकडे येतो, पुढच्याच डावाला स्मॉल ब्लाइंड (त्याच्या निम्मा), आणि या दोन्ही जागांवर फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन सामायिक पानं उघडल्यावर) बहुतेक वेळा तुम्हालाच आधी बोलावं, म्हणजे चाल सांगावी, लागतं. चिप्स पाझरतात त्या इथेच, राजा-नव्वी, राणी-दश्शी, गुलाम-अठ्ठी, एक्का-तिर्री असल्या काठावरच्या, जेमतेम खेळण्याजोग्या पत्त्यांवर. तयारीचा निम्मा वेळ या दोन जागांना द्या. एक्क्यांची जोडी कशी खेळायची हे मागाहून पाहिलं तरी चालतं.

आधी स्पर्धेचा स्ट्रक्चर शीट, म्हणजे टप्प्यांचा तक्ता, मिळवा. सुरुवातीचा स्टॅक (हातातल्या एकूण चिप्स) किती, लेव्हल (ब्लाइंड वाढण्याचा टप्पा) किती मिनिटांची, उशिरा नोंदणी कुठल्या लेव्हलपर्यंत, आणि अँटी (दर डावाला ब्लाइंडखेरीज भरायची सक्तीची रक्कम) बिग ब्लाइंडवाला एकटाच भरतो का, एवढं पाहा. मग प्रत्येक लेव्हलसमोर सुरुवातीचा स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये मांडा: 30,000 चिप्स म्हणजे 500-1000 च्या लेव्हलला 30 बिग ब्लाइंड. यापुढे सगळा विचार ब्लाइंडमध्येच करायचा. कागदावर तीन रकाने पुरतात: 40 च्या वर, 20 ते 40, आणि 20 च्या खाली. एकच पत्ता या तीन रकान्यांत तीन वेगळी उत्तरं देतो.

आता बिग ब्लाइंडचा हिशेब, आणि तो तोंडपाठच हवा. समोरच्याने 2.2 ब्लाइंडचा रेझ केला (बोली तिथवर वाढवली), स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, अँटी 1 आहे, तर पॉटमध्ये (मधल्या जमा रकमेत) 4.7 आहेत आणि तुम्हाला टाकायचे 1.2. म्हणजे 5.9 पैकी 1.2, साधारण 20 टक्के. रेझ 2 चा असेल तर 18 टक्के, 3 चा असेल तर 27. हा आकडा पाहून बरेच जण कुठल्याही दोन पत्त्यांवर कॉल करतात, म्हणजे तेवढेच पैसे भरून डावात राहतात, आणि चूक इथेच होते. 20 टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याची शक्यता) पुरते, पण ती सगळी हातात पडली तर. आधी बोलणाऱ्याच्या हाती ती पूर्ण पडत नाही, कारण तो फ्लॉपवर चेक करतो (पैसे न लावता पाळी पुढे देतो), समोरचा मारतो, म्हणजे पैसे लावतो, आणि निम्मे हात तिथेच टाकून द्यावे लागतात. समजा पहिल्या जागेवरून (पत्ते वाटल्यावर सर्वांत आधी बोलणाऱ्याकडून) आलेल्या रेझसमोर बिनसूटेड (दोन वेगळ्या चिन्हांच्या) राजा-नव्वीची इक्विटी सॉफ्टवेअरने 33 टक्के दाखवली. त्यातला सहा-दशांश भागच पदरात पडतो असं धरलं तर उरले 19.8. फोल्ड, म्हणजे पत्ते टाका. तेच पत्ते बटनच्या (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेच्या) रेझसमोर असतील तर समोरची रेंज (तो खेळत असलेल्या पत्त्यांचा आवाका) इतकी सैल असते की बिनदिक्कत कॉल करावा. कागदावर हाताच्या नावापुढे ‘कोणाच्या रेझसमोर’ हा रकाना नसेल तर तो कागद फाडून टाका.

पत्ते निवडताना दिसायला भारी आणि खेळायला भारी यांत गल्लत नको. राजा-गुलाम बिनसूटेड डोळ्यांना आवडतो, पण पहिल्या जागेवरचा माणूस रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी असतात. एक पत्ता समान आणि दुसरा कमी, अशा जुगलबंदीत तुम्ही चारातून एखादा डाव जिंकता. त्यातून राजा लागला तर जास्त हरता. उलट सत्ती-छग्गी सूटेड (एकाच चिन्हाची) लागली की स्पष्ट लागते, नाही लागली की सोडताना जीव अडकत नाही. तिच्याकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नका: सूटेड पत्त्यांना फ्लॉपवर पूर्ण फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) शंभरात एकदाही मिळत नाही, फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पान कमी) मिळतो 11 टक्के वेळा. छोट्या जोडीला सेट (त्याच आकड्याचं तिसरं पान) साडेआठ वेळांतून एकदा लागतो. म्हणून दुर्रीच्या जोडीवर निव्वळ सेटसाठी कॉल करायचा तर दोघांच्याही मागे कॉलच्या किमान पंधरापट चिप्स हव्यात, आणि आधी बोलायचं असेल तर वीसपट.

स्मॉल ब्लाइंड ही टेबलावरची सगळ्यात वाईट जागा. त्याच 2.2 च्या रेझला इथे 1.7 टाकावे लागतात, म्हणजे 27 टक्के हवेत, शिवाय मागे बिग ब्लाइंडवाला बोलायचा बाकी आहेच. तिथे नुसता कॉल ही चैन समजा. 40 च्या वर स्टॅक असेल तर थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) किंवा फोल्ड, आणि थ्री-बेट समोरच्याच्या रेझच्या चौपट ते साडेचौपट. मागे बोलणारा तिपटीत भागवतो, आधी बोलणाऱ्याला ते परवडत नाही, कारण समोरच्याला स्वस्तात फ्लॉप मिळतो. 25 च्या खाली 9 ब्लाइंड टाकून मग ऑल-इनला (सगळ्या चिप्सच्या बोलीला) फोल्ड करणं म्हणजे एक तृतीयांश स्टॅक जाळणं, त्यापेक्षा सरळ ऑल-इन किंवा फोल्ड. त्याचंही गणित आधी करून ठेवा. त्याच 2.2 च्या रेझसमोर बिग ब्लाइंडमधून 20 ब्लाइंडचा ऑल-इन, हातात एक्का-पंजी सूटेड, कॉल झाला तर 30 टक्के जिंकाल असं धरलं, तर समोरच्याने 58 टक्के वेळा फोल्ड केलं की बरोबरी. बटनवरून दर दुसऱ्या हाताला रेझ करणारा तेवढं सहज फोल्ड करतो, पहिल्या जागेवरचा करत नाही. सगळे पास होऊन डाव स्मॉल ब्लाइंडवर आला तर मात्र अर्धा ब्लाइंड टाकून लिंप करायला (रेझ न करता बिग ब्लाइंडएवढंच भरायला) 17 टक्केच लागतात. तिथे कद्रूपणा नको.

फ्लॉपनंतरची तयारी एका हातावर करून पाहा. स्टॅक 30, बटनचा 2.2 चा रेझ, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये राजा-नव्वीवर कॉल केला. पॉट 5.9. फ्लॉप राजा-सत्ती-चौकी. तुम्ही चेक, तो 2 मारतो, तुम्ही कॉल, पॉट 9.9. टर्नला (चौथं सामायिक पान) दुर्री, तो 6.6 मारतो, तुम्ही कॉल, पॉट 23.1 आणि तुमच्याकडे उरले 19.2. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) तो ऑल-इन. तीन वेळा ‘एक कॉलच तर आहे’ म्हणत नव्वीच्या किकरवर (जोडीबरोबरच्या दुसऱ्या पत्त्यावर) आख्खी स्पर्धा पणाला लागली. म्हणून टर्नचा कॉल करतानाच रिव्हरचं उत्तर ठरलेलं हवं: कोणती पानं आली तर सोडणार, कोणासमोर 31 टक्क्यांचा तो कॉल करणार. फ्लॉपवरच्या एक तृतीयांश पॉटच्या बेटला 20 टक्के, अर्ध्याला 25, पूर्ण पॉटला 33, हे तीन आकडे पाठ करा. आणि बोर्ड (टेबलावरची सामायिक पानं) कोणाच्या पत्त्यांना जास्त जुळतो हे ओळखायचा सराव करा. एक्का-राजा आला की तो रेझ करणाऱ्याचा, तिथे वीरश्री नको. अठ्ठी-सत्ती-पंजी आली की बिग ब्लाइंडकडे दोन जोड्या आणि स्ट्रेट (ओळीने पाच पानं) जास्त असतात, चेक-रेझ (आधी चेक, मग समोरच्याने मारल्यावर रेझ) तिथे करायचा.

हा सराव घरी पैशांविना होतो. पत्त्यांचा एक जोड, ब्लाइंड आणि स्टॅक लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि सतत बटनवर बसायला तयार असलेला एक मित्र. दर चिठ्ठीला निर्णय मोठ्याने बोलायचा, मग इक्विलॅबसारख्या सॉफ्टवेअरवर पडताळायचा. ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास कागद पाठ करायला उत्तम, कारण टेबलावर डाव चालू असताना ना कागद पाहता येतो ना मोबाइल.

बक्षिसांची रेषा (जिच्यापुढे टिकलेल्यांनाच पैसे मिळतात) जवळ आली की वरचे आकडे तसेच वापरू नका. गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग होते. ती दीडपट महाग असेल तर जिथे 50 टक्के पुरत होते तिथे 60 लागतात. समोर तुमच्याहून मोठा स्टॅक असेल तर काठावरचे पत्ते मुकाट्याने टाका. तुमच्याहून छोट्यासमोर थोडी मोकळीक आहे.

टेबलावरच्या हालचालींचाही सराव हवा, कारण आधी बोलणाऱ्याचा घोळ मागचे सगळे पाहतात. रेझ करायचा तर आधी तोंडाने रक्कम सांगा. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो बहुतेक ठिकाणी कॉलच धरतात. चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवल्या तर दुसरा हप्ता परत येतो. पत्ते आपली पाळी आल्यावरच पाहा, नाहीतर फोल्ड आधीच चेहऱ्यावर उमटतो.

गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्या लगेच भरतात. ठाणे किंवा पनवेलहून वंदे भारतने थिवीला उतरून पणजी गाठता येते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, तेव्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशीच पोहोचा. कसिनोत प्रवेशाला वय 21 पूर्ण लागतं, म्हणून मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, आणि पॅन कार्डही, कारण पत्त्यांच्या बक्षिसावर 30 टक्के दराने कर लागतो. री-एंट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून प्रवेश) किती घ्यायच्या तो आकडा घरीच ठरवून त्याच कागदावर लिहा, आणि तेवढेच पैसे बरोबर न्या.