आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : पुण्यातल्या गाडीवेड्यांनो, या चुका टाळा

पुण्यात गाडीवर जीव टाकणाऱ्यांना तोटा नाही. रविवारी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा. कुणी बॉनेटवर मायक्रोफायबरचं फडकं फिरवत असतं, कुणी टायरला काळं पॉलिश चोपडत असतं. त्याच टायरमधली हवा मात्र गणपतीनंतर कुणी बघितलेली नसते आणि ब्रेक ऑइल शोरूममधून आलं तेच अजून चालू असतं. शौकिनाची गाडी दुर्लक्षामुळे क्वचितच बिघडते, बहुतेक वेळा लक्ष भलतीकडे असतं म्हणून बिघडते. त्यामुळे खालच्या चुका नवशिक्यांच्या कमी आणि आपल्यासारख्या 'मला कळतं' म्हणणाऱ्यांच्या जास्त आहेत.

रोजची चार किलोमीटर

कोथरूडहून डेक्कन, डेक्कनहून परत. 'गाडी अगदी कमी चालली आहे हो, जपून वापरतो' असं वर अभिमानाने सांगायचं. गाडीच्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट वापर आहे. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, स्टार्ट करताना बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या अंतरात भरून येत नाही आणि सायलेन्सरमध्ये साठलेली ओल तशीच राहते.

मग एका सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टकटकटक'. लगेच बॅटरीवाल्याला फोन जातो. जरा थांबा, आधी आवाज ऐका. भराभर टकटक म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जोरदार 'टक्' आणि शांतता, तर संशय स्टार्टरवर. इंजिन छान गरगरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीचा काहीच दोष नाही. पेट्रोल, स्पार्क किंवा किल्लीतला इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं कुलूप, बघा. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असला तर भांडणच मिटतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी चालू केल्यावर हाच आकडा साधारण 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जायला हवा. नाही गेला तर नवी बॅटरी टाकूनही पंधरा दिवसांनी पुन्हा ढकलस्टार्टच. इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर आधी तपासायचा तो यासाठी. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच्या मर्जीने चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती काढणं हाच अर्धा इलाज. निगेटिव्ह आधी सोडा, पॉझिटिव्ह नंतर, जोडताना उलट. कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश. कोरडं करून व्हॅसलीनचं बोट फिरवा. आणि डॅशकॅम चोवीस तास चालू ठेवायला वायर थेट बॅटरीला जोडली असेल, तर बॅटरी रात्रीत कोण पितंय हे वेगळं शोधायला नको. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवणं ही आणखी एक काटकसर, जी वर्षभरात महागात पडते. त्या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी जातीचीच लागते.

डिझेलवाल्यांचं दुखणं याहून मोठं आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स हे धुराचं नवं मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरून ठेवणारा डीपीएफ आला. हा फिल्टर साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास तापून स्वतःच जाळतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. कर्वे रोडच्या सिग्नलांवर ती लय मिळणार कुठून? गाडी जाळायला सुरुवात करते, तोवर आपलं घर येतं, आपण किल्ली काढतो. उद्या पुन्हा तेच. खुणा ओळखा: उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर, बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात, जळका वास, ॲव्हरेज अचानक घसरलेलं. असं दिसलं की लगेच बंद करू नका, पाच-दहा मिनिटं आणखी फिरवून आणा. यातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणं. लोक खूश होतात, 'बघ, गाडी ऑइल अजिबात खात नाही'. अहो, ते ऑइल वाढलेलं नाही. अर्धवट राहिलेल्या जाळण्यात जादा फवारलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलं आहे. पातळ झालेलं ऑइल टर्बोचे बेअरिंग खातं. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली असेल तर ऑइल बदला, किलोमीटर मोजत बसू नका.

उपाय फुकटचा आहे. पंधरवड्यातून एकदा सकाळी लवकर बायपासला लागा. वारजे, नवले पूल, नवीन कात्रज बोगदा, पुढे खेड शिवापूरच्या दिशेने. वरच्या गिअरऐवजी चौथ्यात, दोन हजार आरपीएमच्या आसपास, वीसेक मिनिटं. टोलनाक्याच्या अलीकडेच वळायचं हे पुणेकराला सांगायची गरज नाही. डीपीएफचा पिवळा दिवा लागल्यावरही हा इलाज बहुधा चालतो. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडीची ताकदच गेली तर मात्र सर्व्हिस सेंटर. आणि 'डीपीएफ पोकळ करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय पुढची पीयूसी आणि वॉरंटी दोन्ही तुमच्या गळ्यात.

घाट आणि न्यूट्रल

उतारावर न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर लावून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला इंधन जाळतं. म्हणजे बचतीच्या नावाखाली जास्त खर्च, वर गाडी आवरायचा सगळा भार ब्रेकवर. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि तिथले अपघात वर्तमानपत्रात वाचतोच आपण. ट्रकवाल्यांना नावं ठेवायची आणि आपण सिंहगडावरून न्यूट्रलमध्ये उतरायचं, हे बरं नव्हे.

सिंहगडाचा घाट उतरताना साधा नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय चिकटवून ठेवू नका. ठाम दाबा, वेग कमी करा, सोडा. सुट्टीच्या दिवशी गाड्या बंपरला बंपर लावून उतरत असतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. तापलेल्या ब्रेकचा कडवट वास लगेच कळतो. वास आला, पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर कडेला सुरक्षित जागा बघून अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याकडे खेपा घालतो. थरथर फक्त ब्रेक मारतानाच असेल तर दोष डिस्कचा. ब्रेक न मारता ऐंशी-शंभरला असेल तर बॅलन्सिंग.

पेडल खोल जाण्यामागे बरेचदा जुनं ब्रेक ऑइल असतं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-4 जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना 230 अंशांच्या खाली उकळू नये असं मानक आहे, ओल शिरल्यावर तेच मानक 155 वर येतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो. पुण्यासारख्या चारही बाजूंनी घाट असलेल्या गावात हे काम सिरॅमिक कोटिंगच्या आधी यायला हवं.

चढावर क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरायची सवयही अशीच. हँडब्रेक कशासाठी दिला आहे? चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं झालं की क्लचप्लेट संपली.

पाणी

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगं बुडाली. अशा वेळी गाडी बुडाल्याने होतं त्याहून मोठं नुकसान दुसऱ्या दिवशी 'चालू होते का बघू' म्हणून बटण दाबल्याने होतं. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये ते शिरलेलं असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी विचारते, बुडालेली गाडी चालू केलीत का? साध्या पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. तेव्हा बुडालेल्या गाडीला हात लावायचा तो फक्त बॅटरीचं निगेटिव्ह सोडायला आणि फोटो काढायला. पुढे टोइंग.

हे झालं महापुराचं. रोजच्या पावसातली भानगड वेगळीच असते. डावीकडच्या पायाशी गालिचा ओला, काचांवर आतून धुकं, गाडीत कुबट वास. निदान ठरलेलं, 'दाराचं रबर गेलंय'. रबर बदलतात, पाणी येतच राहतं. बॉनेट उघडा आणि वायपरच्या खाली काचेच्या पायथ्याशी जी जाळी आहे तिच्या दोन्ही टोकांना बोट घालून बघा. प्रभात रोड, भांडारकर रोड, विधी महाविद्यालय रस्ता, जिथे जिथे झाडाखाली गाडी लागते तिथे हमखास सापडणार तो ऐवज: पर्जन्यवृक्षाची बारीक पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, माती, सगळं कुजून झालेला काळा चिखल, आणि दसऱ्याच्या झेंडूच्या हारातलं एखादं वाळकं फूल. पाणी खाली जायची भोकं तिथेच असतात. ती तुंबली की पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा हाताने साफ करा. ओला गालिचा उन्हाळ्यात सापडला तर पावसावर खापर नको. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे. गाडीखाली एसीचं पाणी ठिबकणं हा बिघाड नाही, न ठिबकणं हा आहे.

एसीचा गॅस दरवर्षी भरायचा नसतो, हेही याच ओघात. ती बंद यंत्रणा आहे. कमी झाला असेल तर गळती आहे, ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

उंदरांचं थोडक्यात: तंबाखूच्या पुड्या, डांबरगोळ्या, सगळे प्रयोग करून झाल्यावरही जो उपाय टिकतो तो म्हणजे गाडी एका जागी दिवसेंदिवस उभी न ठेवणं आणि पार्किंगमधल्या कचऱ्याचा डबा लांब नेणं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवली की क्षारांचे पांढरे डाग पडतात. सावलीत धुवा, लगेच पुसा, आणि गाडी पुसणाऱ्या पोराला रोज कोरडं फडकं मारायला लावू नका. रंगावरच्या त्या गोल गोल रेघा त्याच्याच.

नाकापेक्षा मोती जड

मॉडिफिकेशनला माझा विरोध नाही. पण हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब खुपसला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि ओल्या डांबरावर त्या पांढऱ्याफेक प्रकाशात आपल्यालाही काही दिसत नाही. आधी जुन्या काचेचा पिवळेपणा पॉलिशने घालवा, हेडलाइटचा नेम भिंतीवर तपासून घ्या. निम्म्या लोकांचं काम तिथेच भागतं. जास्त वॅटचे बल्ब रिलेशिवाय लावले तर होल्डर वितळतात. वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याकडून काहीच करून घेऊ नका, कपलर वापरणारा शोधा.

मोठे अलॉय आणि चपटे टायर फोटोत शोभतात. आपल्याकडचे खड्डे आणि रात्रीत उगवणारे स्पीडब्रेकर यांना ते मान्य नाहीत. रबराची भिंत जितकी कमी तितका टायरच्या कडेला फुगा यायचा धोका जास्त. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. हवेचा आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल आकडा, तेवढी भरायची नसते. भरायची सकाळी, टायर थंड असताना.

गॅरेजमध्ये

'मास्तर, पुढून खडखड आवाज येतोय.'
'शॉकअप गेलेत, साहेब.'
'बरं, टाका.'

या तीन वाक्यांत दहा-बारा हजार जातात आणि आवाज तसाच राहतो. लहान खड्ड्यांवर कमी वेगात खडखड करणारा बरेचदा सस्पेन्शनमधला छोटा लिंक रॉड असतो, काही शेकड्यांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मेकॅनिकला निदान सांगू नका, लक्षण सांगा: किती वेगाला, इंजिन गार असताना की गरम, डावीकडे वळताना की उजवीकडे, ब्रेकसोबत की ब्रेकशिवाय. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कटकट झाली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूं-घूं म्हणजे बहुधा बेअरिंग. मुख्य म्हणजे त्याला शेजारी बसवून गाडी तुम्ही चालवा आणि आवाज ऐकवा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर आता प्रत्येकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. तो कोड दाखवतो, बाद झालेला पार्ट दाखवत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलण्याआधी हवेच्या पाइपाला चीर आहे का, कपलर सैल आहे का, हे बघा. आणि कोड पुसून मग गॅरेजला जाऊ नका, मेकॅनिकच्या हातातला पुरावा जातो. तसाच नाना पेठेत पार्ट आणायला जाताना आरसीवरचा चॅसी नंबर आणि काढलेला जुना पार्ट सोबत न्या. एकाच मॉडेलला वर्ष आणि व्हेरिएंटप्रमाणे दोन-दोन जातीचे ब्रेक पॅड असतात, आणि पाकीट फोडल्यावर काउंटरवरचा माणूस ते परत घेत नाही.