सांगलीतून चित्रपटांच्या जुन्या डिस्कची ऑनलाइन विक्री

चित्रपटाची डिस्क आज मुख्यतः संग्राहकच विकत घेतो आणि त्याला ॲपवर न सापडणारा चित्रपट, मूळ कव्हर व न अडखळता चालणारी डिस्क हवी असते. त्यामुळे घाऊक माल भरण्यापेक्षा सुरुवातीला पन्नासएक डिस्क नीट पारखून घ्याव्यात. सांगली, मिरज आणि कोल्हापुरातील रद्दीची दुकाने तसेच बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररींचे जुने मालक यांच्याकडे चौकशी करावी. लायब्ररीची डिस्क अनेक हातांतून गेलेली असते, तेव्हा घासाघीस करण्यात संकोच नसावा.

विक्री फक्त मूळ कंपनीने काढलेल्या डिस्कचीच करावी. नकला काढून विकणे हा कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 नुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ‘इतक्या जुन्या चित्रपटाला कोण विचारतो’ हा बचाव चालत नाही, कारण चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली, तर ती बहुधा घरी ‘राइट’ केलेली नक्कल समजावी. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी किंवा किंचित सोनेरी दिसते.

पारखताना डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी. मध्याकडून कडेकडे गेलेला चरा प्लेअर बऱ्याचदा निभावून नेतो. गोलाकार चरा मात्र माहितीच्या रेषेवरूनच धावत असल्याने चित्र अडकते. व्हीसीडीत धातूचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून तिची वरची बाजूही तपासावी. डीव्हीडीत तो 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. केसमधून ओढून काढल्याने मधल्या भोकाशी तडा गेला असल्यास ती डिस्क घेऊच नये. केवळ सुरुवातीची पाच मिनिटे चालवून समाधान मानू नये, कारण वाचन मध्यापासून बाहेर जाते आणि कडेचा दोष पुढे कुठेतरी उमटतो.

जाहिरातीत डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो, डिस्कची संख्या, भाषा, सबटायटल आणि रीजन कोड (डिस्क कोणत्या देशांच्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा संकेत) द्यावा. डीव्हीडीसाठी भारताचा रीजन 5 आहे, तर ब्ल्यू-रेसाठी सी. चरे लपवू नयेत. एक परत आलेले पार्सल चार विक्रींचा नफा खाते.

परराज्यात माल विकायचा असल्यास जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. महाराष्ट्रापुरती विक्री ठेवली, तर वार्षिक 40 लाखांपर्यंतच्या उलाढालीला सामान्यतः सूट मिळते, म्हणून मराठी चित्रपटांपासून सुरुवात करणे सोयीचे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे.

साठा कोरड्या जागी, डिस्क उभ्या ठेवून करावा. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचे पाणी सांगलीत कुठवर आले होते ते आठवून तळमजला टाळावा, कारण भिजलेली डिस्क पुसता येते, पण कव्हर गेले की संग्राहक फिरकत नाही. पाठवताना डिस्क खाचेत घट्ट बसली आहे का हे केस हलवून पाहावे, मग केस प्लास्टिकच्या पिशवीत घालून बबल रॅप गुंडाळावा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून स्पीड पोस्टाने रवाना करावी.