२०० जीबीची फाइल एस३वर तुकड्यांनी चढवण्याआधी

ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीत एका पुट (फाइल ठेवण्याच्या) विनंतीत जास्तीत जास्त ५ जीबी जातात. म्हणजे २०० जीबीचा व्हिडिओ-संग्रह एका फाइलमध्ये बांधून ठेवला असेल तर मल्टिपार्ट अपलोडशिवाय मार्ग नाही. त्यात क्रिएट विनंतीने अपलोड सुरू करून त्याचा आयडी घ्यायचा, त्या आयडीवर एकेक तुकडा (पार्ट) पाठवायचा आणि कम्प्लीट विनंतीने सगळे जोडायचे; रद्द करायचं तर अबॉर्ट. त्याचा कोड फार मोठा नसतो. अडतं ते आधी न ठरवलेल्या गोष्टींवर: तुकडा केवढा, कुठवर गेलं याची नोंद कुठे आणि अर्धवट राहिलेलं साफ कोण करणार.

पहिला हिशेब तुकड्याचा. एका अपलोडमध्ये १०,००० पार्टच चालतात आणि शेवटचा सोडून प्रत्येक पार्ट किमान ५ एमबी लागतो. हे एमबी १०२४ च्या हिशेबाचे, म्हणजे ५२,४२,८८० बाइट. कोडमध्ये कुणी ५०,००,००० लिहिलं तर एकेक पार्ट बिनतक्रार स्वीकारला जातो आणि ‘एंटिटी टू स्मॉल’ ही एरर सगळं चढवून झाल्यावर, शेवटच्या कम्प्लीट विनंतीला येते. दुसऱ्या टोकाला, २०० जीबी म्हणजे २,०४,८०० एमबी. भागिले १०,००० केलं की २०.४८. यापेक्षा लहान पार्ट घेतलात तर फाइल पुरी होण्याआधी पार्ट क्रमांक संपतील. ६४ एमबी घ्या, ३,२०० पार्ट होतात. पायथॉनसाठीच्या बोटो३ या ॲमेझॉनच्या लायब्ररीतलं ‘अपलोड फाइल’ वापरणाऱ्यांचा मूळ तुकडा ८ एमबीचा असतो, पण फाइल मोठी दिसली की ते स्वतःच तो वाढवतं. हाताने लिहिलेला कोड असं काही करत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. ऑफिसच्या लाइनचा डाउनलोड वेग इथे कामाचा नाही, अपलोडचा मोजून घ्या. २० एमबीपीएस मिळत असतील तर सेकंदाला अडीच एमबी, आणि २०० जीबीला जवळजवळ २४ तास. मग मशीन झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा, प्रोग्रॅम टीमक्समध्ये (टर्मिनल बंद झालं तरी तो चालू ठेवणारं साधन) किंवा सर्व्हिस म्हणून चालवा आणि क्रेडेन्शियल (ॲमेझॉनकडे ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) किती वेळ टिकतात ते बघा. रोलवरून (ठरावीक परवानग्या असलेल्या ओळखीवरून) घेतलेली तात्पुरती क्रेडेन्शियल साधारण तासाभराची असतात आणि फार ताणली तरी १२ तासांची. ती आपोआप नवी घेण्याची सोय कोडमध्ये हवीच. दिलाशाची गोष्ट ही की अपलोड आयडी क्रेडेन्शियलला बांधलेला नसतो. प्रत्येक विनंतीवर क्रेडेन्शियलने डिजिटल सही होते; जुनी संपली तरी नवीन सहीने त्याच आयडीवर पुढचे पार्ट जातात. मशीनचं घड्याळही तपासा. १५ मिनिटांहून जास्त मागेपुढे असेल तर सही नाकारली जाते.

बकेट (फाइली ठेवण्याचा एस३मधला डबा) मुंबई रीजनमध्ये आहे की हैदराबादमध्ये, हे पक्कं करून क्लायंटला तेच नाव द्या. परवानग्यांमध्ये ‘पुट ऑब्जेक्ट’ बहुतेकांच्या लक्षात राहतं. ‘अबॉर्ट मल्टिपार्ट अपलोड’ आणि ‘लिस्ट मल्टिपार्ट अपलोड पार्ट्स’ या दोन राहून जातात आणि नेमक्या अडचणीच्या वेळी आठवतात. बकेटवर केएमएसची (किल्ल्या सांभाळणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेची) एन्क्रिप्शन की लावलेली असेल तर आणखी एक खाच आहे. एकाच विनंतीतल्या छोट्या फाइलला ‘जनरेट डेटा की’ एवढी परवानगी पुरते, मल्टिपार्टला त्याच कीवर ‘डिक्रिप्ट’सुद्धा लागते. छोट्या फाइलवर चाचणी करून निर्धास्त झालेले लोक इथे अडकतात आणि ‘अपलोड करायला डिक्रिप्ट कशाला’ म्हणून पॉलिसीकडे बघतही नाहीत.

साफसफाईचा नियम अपलोडच्या आधी लावा. अर्धवट अपलोडचे पार्ट ऑब्जेक्टच्या (एस३मध्ये ठेवलेल्या फाइलींच्या) यादीत दिसत नाहीत, पण त्यांच्या जागेचं बिल लागत राहतं. लाइफसायकल या बकेटच्या सेटिंगमध्ये अपूर्ण मल्टिपार्ट अपलोड अमुक दिवसांनी रद्द करण्याचा नियम असतो. हे दिवस अपलोड सुरू झाल्यापासून मोजतात, शेवटचा पार्ट कधी आला त्यापासून नव्हे. चोवीस तासांच्या कामाला एक दिवसाचा नियम लावला तर चालू अपलोडच कापलं जाऊ शकतं. सात दिवस ठीक.

कंटेंट टाइप (फाइलचा प्रकार), स्टोरेज क्लास (साठवणीचा दर्जा) आणि मेटाडेटा (फाइलसोबतची माहिती) हे सगळं क्रिएट विनंतीतच द्यायचं असतं, कम्प्लीटच्या वेळी ते घालता येत नाही. ऑब्जेक्टच्या नावाला १,०२४ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, त्यामुळे फोल्डरवर फोल्डर रचून लांबलचक मराठी नावं देणाऱ्यांनी एकदा मोजून घ्यावं. मेटाडेटा हेडरमध्ये मात्र थेट देवनागरी टाकू नका.

आता नोंदवही, आणि सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. अपलोड आयडी मिळाला की पहिला पार्ट पाठवण्याआधी तो डिस्कवर उतरला पाहिजे. सोबत बकेट, ऑब्जेक्टचं नाव, पार्टचा आकार, फाइलचा बाइटमधला आकार आणि तिची शेवटच्या बदलाची वेळ. एसक्यूलाइट या डेटाबेसची एक छोटी फाइल याला पुरते. साध्या जेसन या मजकूर-फाइलमध्ये लिहीत असाल तर तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, नाहीतर लिहिता लिहिता वीज गेली की नोंदच फाटते. पार्टची ओळख सर्व्हरकडून ईटॅग (पार्ट पोहोचल्यावर मिळणारा ओळखीचा कोड) आल्यावरच लिहायची, अवतरणचिन्हांसकट जशीच्या तशी. पुन्हा सुरू करताना फाइलचा आकार किंवा वेळ बदललेली दिसली तर पुढे जाऊ नका. अर्धी जुनी आणि अर्धी नवी फाइल एस३ मुकाट्याने जोडून देईल. पार्टचा आकारही मधेच बदलायचा नाही, कारण सुरुवातीची जागा ‘(पार्ट क्रमांक उणे एक) गुणिले आकार’ अशीच काढलेली असते. नोंदवही हरवली तर ‘लिस्ट पार्ट्स’ विचारता येतं, पण एका पानात १,०००च पार्ट येतात. आपल्या ३,२०० पार्टची चार पानं होतील. पुढची पानं न मागणारा कोड उरलेले पार्ट पुन्हा चढवत बसतो.

मेमरी बघा: ६४ एमबीचे पार्ट आणि आठ थ्रेड (एकाच वेळी पार्ट पाठवणारे धागे) म्हणजे ५१२ एमबी एकाच वेळी. एक जीबीच्या सर्व्हरवर हे जड जातं. अशा ठिकाणी चार थ्रेड ठेवा आणि प्रत्येक थ्रेडला फाइलचं स्वतंत्र हँडल (उघडलेल्या फाइलचा दुवा) द्या. एकच हँडल सगळ्यांनी वापरलं तर एकाने सीक केलेल्या (वाचायला सरकवलेल्या) जागेवरून दुसराच वाचतो.

रिट्राय सरसकट नको. ५००, ५०३ (सर्व्हरकडची अडचण) आणि तुटलेलं कनेक्शन यांना पुन्हा प्रयत्न, दर वेळी थांबण्याची वेळ दुप्पट आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक. ४०३ला (परवानगी नाही) शंभरदा विचारून उपयोग नाही. तोच पार्ट त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवला तर आधीच्यावर लिहिला जातो, त्यामुळे शंका असली तर पाठवून टाका. कम्प्लीटला पार्टची यादी चढत्या क्रमानेच द्यायची. थ्रेड ज्या क्रमाने संपले तो क्रम चालत नाही. कम्प्लीटचं उत्तर २०० (यशस्वी) आलं तरी आतल्या मजकुरात एरर असू शकते. ॲमेझॉनच्या अधिकृत लायब्ररी (एसडीके) ते वाचतात, स्वतः एचटीटीपी विनंत्या करणाऱ्यांना तो मजकूर वाचावा लागतो. कम्प्लीट पाठवल्यावर कनेक्शन तुटलं आणि पुन्हा विचारल्यावर ‘नो सच अपलोड’ आलं, तर लगेच नव्याने सुरू करू नका. आधी हेड (फक्त माहिती विचारणाऱ्या) विनंतीने ऑब्जेक्टचा आकार बघा, काम बहुधा झालेलं असतं.

तपासणी कशाने करणार हेही आधी ठरवा. मल्टिपार्टचा ईटॅग हा फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला हॅश) नसतो, आणि त्याच्या शेवटी डॅश व पार्टची संख्या असते. एसएचए-२५६ मागितलात तरी इथे तो पार्टच्या हॅशांवरून बनवलेला मिळतो. अख्ख्या फाइलचा एकच चेकसम जुळवायचा असेल तर क्रिएटच्या वेळी सीआरसीचा प्रकार ‘फुल ऑब्जेक्ट’ असा सांगून निवडा.

शेवटी रंगीत तालीम. १२ एमबीची फाइल, ५ एमबीचा तुकडा: ५, ५ आणि २ असे तीन पार्ट, ईटॅगच्या शेवटी ‘-३’. दुसरा पार्ट जात असताना प्रोग्रॅम ‘किल -९’ने (जबरदस्तीने बंद करणाऱ्या आज्ञेने) मारा, पुन्हा चालवा, पहिला पार्ट परत जाता कामा नये. मग बरोबर १० एमबीची फाइल घ्या आणि कोड रिकामा तिसरा पार्ट पाठवत नाही ना ते बघा. शून्य बाइटची फाइल साध्या पुटने जाऊ द्या. अबॉर्टही करून बघा: त्या क्षणी वाटेत असलेला पार्ट अबॉर्टनंतरही पोहोचू शकतो, म्हणून सगळे थ्रेड थांबल्यावर पार्टची यादी मागायची आणि काही उरलं असेल तर पुन्हा अबॉर्ट करायचं.