खंदक दिसला की किल्ला? एव्हबरी बघताना या चुका टाळा

इंग्लंडात एव्हबरीला जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या फोटोंखाली ठरलेली कॅप्शन असते, 'साडेचार हजार वर्षं जुना किल्ला'. अरे बाबांनो, किल्ला नाहीये तो, नवाश्मयुगातलं उभ्या दगडांचं रिंगण आहे! सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला खंदक दिसला की तटबंदी आठवते, मान्य. पण फोटो काढायच्या आधी खंदक कुठल्या बाजूला आहे ते तरी बघा. तिथे खंदक आत आणि मातीचा बांध बाहेर, म्हणजे शत्रूला उंचावर उभं करून आपण खड्ड्यापलीकडे बसायचं? आणि तो खंदक आज दिसतो तेवढाच नव्हता, पुरातत्त्वज्ञ ग्रे यांनी १९०८ पासून खणायला घेतला तेव्हा तळ जवळपास ९ मीटर खाली लागला. स्टोनहेंजला उलटं आहे, मुख्य बांध आत, चर बाहेर, तरी तोही किल्ला नाही, त्यामुळे हा नियमही डोळे मिटून लावू नका. शेजारच्या टेकडीवरचं विंडमिल हिल हे चरांचं रिंगण इ.स.पू. ३७०० च्या आसपासचं, तिथले तिन्ही चर मधे मधे चक्क न खणता सोडलेत, शिवाय रिंगणं माथ्यावर नीट न बसता उत्तर उतारावर कललीयेत. राखणीसाठी कोण असं बांधेल? खरा किल्ला हवा तर जवळच लोहयुगातला बारबरी कॅसल आहे, तिकडे जा.

दुसरं डोकं फिरवणारं प्रकरण म्हणजे लायडार, विमानातून लेसर टाकून केलेला जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा. आमच्या ग्रुपवर एका नव्या पोराने मध्यरात्री टाकलं, 'नवीन एन्क्लोजर (प्राचीन रिंगण) सापडलं!!' छान गोल, चर, बांध, सगळं होतं, आणि सकाळपर्यंत पन्नास जणांनी फॉरवर्डही केलं. ब्रिटनच्या सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचा जुना नकाशा उघडला तर त्याच जागी झाडांचं गोल बेट, कुठल्याशा जमीनदाराने शोभेसाठी लावलेलं, गुरं शिरू नयेत म्हणून भोवती चर. पाच मिनिटांचं काम, पण धीर कोणाला आहे? मी आधी जुना नकाशा बघते, मगच लायडार, आणि हिलशेडचा (लायडारच्या चित्रावर संगणकाने टाकलेल्या ऊनसावलीचा) प्रकाश चारही बाजूंनी फिरवते, कारण प्रकाशाच्या रेषेत गेलेला बांध दिसतच नाही.

बाकी, आजचं उघडं माळरान बघून 'इथून तिथलं दिसायचं' असं ठोकून देऊ नका, विंडमिल हिलच्या मातीतले गोगलगायींचे शंख आसपास झाडी होती असं सांगतात. एका जागेला एकच काळ चिकटवू नका, मेडन कॅसल या लोहयुगातल्या किल्ल्याखाली नवाश्मयुगीन रिंगण निघालंय. भर दुपारी जाऊ नका, हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात जा, सावल्यांमुळे चर-बांध उठून दिसतात. आणि संरक्षित स्थळी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं तिकडे गुन्हा आहे, 'नुसतं बघत होतो' ऐकून कोणी सोडत नाही.