सिम्स ४ खेळून कंटाळा आलाय? नवीन पॅक घेण्याआधी या चुका टाळा

सिम्स ४ म्हणजे ‘सिम’ नावाच्या आभासी माणसांचं आयुष्य चालवायचा गेम. ‘गेममध्ये आता काही राहिलं नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की हल्ली मी लगेच उलट विचारते, ‘तुझ्या सिमचं घर केवढं आहे? खात्यात पैसे किती?’ उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. दुमजली बंगला, लाखांनी सिमोलियन (गेममधले पैसे), आणि सिम स्विमिंग पूलच्या काठावर नुसता उभा. भूक, झोप, करमणूक, सगळ्या पट्ट्या हिरव्यागार. त्याला कशाचीच गरज उरलेली नाही, म्हणून खेळणाऱ्यालाही काही काम उरलेलं नाही.

मी सिम्स २ पासून ही मालिका खेळते आहे. मधली दोनेक वर्षं मीही हा खेळ बंद केला होता. परत आले तेव्हा गेम तोच होता, माझी खेळायची पद्धत बदलली होती. त्यामुळे खालचं सगळं स्वतः करून पाहिलेलं आहे.

पहिल्याच दिवशी मदरलोड

कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबलं की चीटची, म्हणजे गेमचे नियम वळवणाऱ्या आदेशांची, पट्टी उघडते. त्यात मदरलोड टाइप केलं की एका फटक्यात ५०,००० सिमोलियन जमा. नवशिक्याला ही पट्टी कोणीतरी पहिल्याच दिवशी दाखवतं आणि तिथेच त्याच्या खेळाची वाट लागते. गेम एकट्या सिमला सुरुवातीला २०,००० देतो. तेवढ्यात एक खोली, संडास-बाथरूम, बरा पलंग आणि स्वस्तातली शेगडी बसते. त्याच्यावर पैसे ओतले की पुढची पंचवीस तासांची मजा आपण पाच मिनिटांत संपवून टाकतो.

या गेमचा जन्म कुठून झाला हे माहीत असलं तर ही चूक जास्तच टोचते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यात या खेळाचे जनक विल राइट यांचं घर जळालं. सगळं नव्याने उभं करताना आधी काय घ्यायचं, कशावाचून चालतं आणि कशावाचून नाही, या विचारांतून त्यांना ही कल्पना सुचली आणि २००० साली पहिला ‘द सिम्स’ आला. म्हणजे काहीही नसताना एकेक वस्तू जोडत जाणं हाच या खेळाचा गाभा आहे. आपण नेमका तोच काढून टाकतो.

माझी भाची दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. नववीत आहे. लॅपटॉप उघडून दहा मिनिटांत बंद केला. म्हणाली, ‘मावशी, यात काही होतच नाही गं.’ मी तिचा सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, बघितला. आठ खोल्या, तीन टीव्ही, आणि सिमला नोकरी नाही कारण ‘गरजच नाही’. मी म्हटलं, ‘हे घर असू दे बाजूला. नवीन सिम कर, न्यूक्रेस्टमध्ये टाक.’ न्यूक्रेस्ट या गेममधल्या वस्तीतले सगळे प्लॉट मोकळे असतात. सगळ्यात छोटा प्लॉट घेतला आणि मग त्याच चीटच्या पट्टीत मनी लिहून पुढे शून्य टाकलं. खात्यात शून्य सिमोलियन, डोक्यावर छप्पर नाही.

पहिला अर्धा तास तिची नुसती चिडचिड चालली होती. मग तिला सापडायला लागलं. विलो क्रीकच्या पार्कात संडास आहे. ओअॅसिस स्प्रिंग्जच्या जिममध्ये आंघोळ होते. बाकावर डुलकी काढता येते. झाडाची फळं तोडून खाता येतात आणि विकताही येतात. ओंडक्यांखालचे बेडूक पकडून विकले की दोन पैसे सुटतात. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि आतून ओरडण्याचा आवाज आला, ‘मावशी, शॉवर घेतला!’ भिंतीही नव्हत्या, उघड्यावर गवतात एक शॉवर उभा होता. पण तो तिच्या सिमने बेडूक विकून घेतला होता. सुट्टी संपेपर्यंत तिने चीटची पट्टी परत उघडली नाही.

पैसे वाढवायचा चीट मी वापरत नाही, कमी करायचा मात्र बिनधास्त वापरते. घटस्फोट झाला, कोणी घर सोडून गेलं, की खात्यातून निम्मे काढून घेते. बिलं मुद्दाम एखाद्या वेळी थकवून बघा. आधी वीज जाते, मग पाणी, आणि त्या संध्याकाळी घरात जे चालतं ते कुठल्याही महागड्या पॅकमध्ये, म्हणजे विकत मिळणाऱ्या पुरवणीत, मिळत नाही.

वाईट झालं की सेव्ह न करता बाहेर पडणं

माझं यावर फार ठाम मत आहे आणि ते मी एका मरणातून शिकले.

न्यूक्रेस्टमध्ये माझं साने कुटुंब होतं. तिसरी पिढी सुरू होती. तोपर्यंत मी प्रत्येक वाईट गोष्ट खोडून काढली होती. मुलीला शाळेत वाईट ग्रेड मिळाली, बाहेर पडले, आधीचा सेव्ह उघडला. नवऱ्याने शेजारणीशी लगट केली, परत तेच. साने कुटुंबात तीन पिढ्यांत एकही दुःख नव्हतं आणि मला त्यांच्यातल्या निम्म्या लोकांची नावंसुद्धा नीट आठवत नव्हती.

मग एका रात्री मिहीर, घरातला तेरा-चौदा वर्षांचा वाटावा असा मुलगा, भूक लागली म्हणून स्वतःच शेगडीकडे गेला. स्वयंपाकाचं कौशल्य जेमतेम एक, शेगडी सगळ्यात स्वस्तातली. भडका उडाला. सिम्सची सवय माहीत आहे ना, आग लागली की पळून जाण्याऐवजी सगळे आगीभोवती गोळा होऊन ओरडतात. घरातल्या अक्का झोपेतून उठून आल्या आणि थेट ज्वाळांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी मिहीरला विझवायला सांगेपर्यंत त्यांनी पेट घेतला होता.

यमदूत आला. काळा झगा, हातात कोयता. मिहीरकडून मी त्याच्यापुढे गयावया करून घेतली. कधीकधी तो ऐकतो, त्या रात्री नाही ऐकलं. फरशीवर त्यांचा अस्थिकलश राहिला आणि माझं बोट नेहमीप्रमाणे एस्केपकडे गेलं. दोन तास आधीचा सेव्ह होता. अक्का परत आल्या असत्या.

मी तो उघडला नाही. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बहुतेक मिहीरमुळे. तो त्या जळालेल्या शेगडीसमोर उभा राहून रडत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं की या मुलाचं पुढे काय होतंय ते मला बघायचं आहे.

कलश मी स्वयंपाकघरातच ठेवला. काही रात्रींनी अक्कांचं भूत आलं आणि जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसलं. मिहीरला मी रोज शाळेतून आल्यावर स्वयंपाक करायला लावलं. रोज, नेमाने. मोठा झाल्यावर तो खानसाम्याच्या नोकरीत लागला, शेफची शाखा घेतली आणि दहाव्या पायरीपर्यंत पोहोचला. हे सगळं मी आखलं नव्हतं. साने कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव मला आता तोंडपाठ आहे.

म्हणून माझा नियम एकच. गेम बिघडला, सिम भिंतीत अडकला, लॅपटॉप बंद पडला, तर जुना सेव्ह उघडायचा. आयुष्य बिघडलं म्हणून नाही.

ज्यांना एकदम इतकं जमत नाही त्यांनी निदान ‘सेव्ह अॅज’ करून वेगळी प्रत ठेवावी आणि मूळ गोष्ट तशीच पुढे न्यावी. मला कोणी त्या जुन्या प्रतीकडे परत गेलेलं आजवर भेटलेलं नाही.

सगळेच सिम गुणी

‘क्रिएट अ सिम’ या सिम घडवायच्या भागात तीन-तीन तास घालवून देखणा, हुशार, प्रेमळ माणूस बनवायचा आणि त्याचं लग्न तितक्याच देखण्या, हुशार, प्रेमळ बाईशी लावायचं. मग घरात भांडण कसं होणार?

मी चिठ्ठ्या टाकते. स्वभावाची सगळी नावं कागदाच्या कपट्यांवर लिहून एका डब्यात ठेवली आहेत. मूल मोठं झालं की घरातलं जे कोणी जवळ असेल त्याला डब्यात हात घालायला सांगते. परवा सासूबाईंनी क्लेप्टोमॅनियाक काढला. आता त्या मुलीने शेजाऱ्यांकडून काय काय उचलून आणलं, हे त्या रोज विचारतात.

लहानसहान, पण नडणाऱ्या

वय वाढणं बंद करून ठेवू नका. मरणाची घाई वाटत असेल तर सेटिंगमध्ये आयुष्य ‘लाँग’ करा.

सिमला स्वतःच्या मनाने वागू द्या. ऑटोनॉमी पूर्ण चालू ठेवून एक संध्याकाळ काहीही क्लिक न करता बघा.

२०२२ च्या जुलैमधल्या अपडेटपासून सिम्सना इच्छा आणि भीती आहेत. बरेच जण त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. नोकरीत अडकून पडल्याची भीती लागलेला सिम राजीनामा देतो, ही आयती गोष्ट आहे.

दर आठवड्याला नवं कुटुंब सुरू करू नका. नवशिक्यांची ही अधीरता मला समजते, पण या खेळाची खरी चव दुसऱ्या पिढीनंतर लागते.

ध्येय हवंच असेल तर गेममध्येच सिनॅरिओ, म्हणजे ठरवून दिलेली आव्हानं, आहेत, त्यातला एखादा घ्या. दुसऱ्या कोणाची ‘परफेक्ट’ यादी समोर ठेवून खेळण्यापेक्षा ते बरं.

मॉड्सचा ढीग

कंटाळा आला की लोक मॉड्स, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेल्या फेरफाराच्या फाईली, टाकतात. एका दिवसात दोनशे. मग गेम चालू होत नाही आणि दोष गेमला. हा प्रकार सुधारायची माझी पद्धत अशी. अपडेट आलं की गेम मॉड्स स्वतःच बंद करतो, ते लगेच चालू करू नका, मॉड बनवणाऱ्यांना चार दिवस द्या. तरीही बिघडलं तर मॉड्सचा फोल्डर डेस्कटॉपवर काढून ठेवा, सिम्स ४ च्या फोल्डरमधली लोकलथंबकॅश नावाची फाईल उडवा (गेम ती परत बनवतो) आणि गेम रिकाम्या हाताने चालवून बघा. चालला, तर निम्मे मॉड्स परत टाका. पुन्हा बिघडलं तर दोषी त्या निम्म्यात आहे. असं निम्मं-निम्मं करत गेलं की सापडतो. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा जवळचा रस्ता नाही. सेव्हच गेला असं वाटलं तर लोडच्या पानावर ‘रिकव्हर’ची खूण आहे, गेम मागच्या काही प्रती राखून ठेवतो. रडण्याआधी तिथे बघा.

पॅकचंही तेच. मुख्य गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे आणि वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यात होतं. मला पॅक आवडतात. २०२१ चं फॅशन स्ट्रीट किट मुंबईवरून बेतलेलं आहे म्हणून मी हौसेने घेतलं. पण कपड्यांनी रिकामं आयुष्य भरत नाही. पॅक घ्यायचा तर खेळात रमलेले असताना घ्या, कंटाळलेले असताना नको.

तीनचा वेग

शेवटची, आणि सगळ्यात जास्त जणांना लागलेली खोड. गेम पळवायच्या वेगांत तीन हा सगळ्यात जोरातला. सिम कामाला गेला, तीन दाब. झोपला, तीन दाब. जेवतोय, तीन दाब. पहिल्या वेगात गेममधला एक मिनिट म्हणजे आपला साधारण एक सेकंद, अख्खा दिवस चोवीस मिनिटांचा. लोकांना तेवढाही धीर नाही. तीनच्या वेगात सिम्स मुंग्यांसारखे पळतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कधीच दिसत नाही.

झोपेला आणि नोकरीला मी तीन वापरते. रात्रीचं जेवण मात्र एकच्या वेगात, कॅमेरा टेबलाच्या उंचीवर आणून. काल मिहीर म्हातारा झाला. वाढदिवसाचा केक कापून सगळे बसले, त्याची नात ताट घेऊन आली, आणि जागा नव्हती म्हणून कलशाशेजारी ओट्यापाशी उभी राहूनच जेवली.